मुंबईचा खंड १० पौंड आणि इंग्लंडातल्या गावकोर्टाची गोष्ट

मुंबई आंदणात मिळाली, दुसऱ्या चार्ल्सला ती सांभाळणं परवडेना, म्हणून १६६८ साली त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंडांवर देऊन टाकली, हे शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलंय. पण त्या सनदेत एक ओळ आहे ती आमच्या पुस्तकात तरी कधी आली नाही. कंपनीने हे बेट कुठल्या हक्काने धरायचं, तर ईस्ट ग्रिनिचच्या मॅनरमधली जमीन धरतात तसं, ठरलेला खंड भरायचा, लढाईची चाकरी वगैरे काही नाही. ईस्ट ग्रिनिच म्हणजे लंडनला लागून, थेम्सच्या काठावर. म्हणजे कागदावर बघायला गेलं तर आपली मुंबई ही तिथल्या एका जहागिरीतला तुकडा असल्यासारखी दिलेली. (आणि आपणच नाही, अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या १६०६ च्या सनदेतही हेच ईस्ट ग्रिनिच आहे. वकिलांनी एकदा फॉर्म बनवला की नाव-गाव बदलून तोच सगळीकडे चालवायचा ही सवय जुनीच दिसते.)

आता हे मॅनर म्हणजे नक्की काय ते बघावं म्हणून बसलो आणि दोन आठवडे बाहेरच आलो नाही, कारण मॅनरपेक्षा त्या मॅनरचं कोर्ट जास्त इंटरेस्टिंग निघालं. तेराव्या-चौदाव्या शतकातलं इंग्लंड म्हटलं की आपल्याला चिलखतं, किल्ले, राजे आठवतात, पण तिथल्या साध्या शेतकऱ्यासाठी सरकार म्हणजे हे साधारण दर तीन आठवड्यांनी भरणारं गावचं कोर्ट. कुणाची डुकरं कुणाच्या वाटाण्यात शिरली इथपासून ते बाप मेल्यावर जमीन कुणाच्या नावावर लागणार इथपर्यंत सगळं तिथेच.

तर मॅनर. मॅनर म्हणजे गाव नव्हे, मॅनर म्हणजे एका लॉर्डच्या हक्काखालचा मुलूख. कधी एका गावात दोन लॉर्डची दोन मॅनर, कधी एकाच मॅनरमध्ये डझनभर गावं. आणि लॉर्ड म्हणजे घोड्यावरचा सरदारच असला पाहिजे असं नाही, लॉर्ड एखादा मठ असायचा, बिशप असायचा, राजा स्वतः असायचा, एखाद्या सरदाराची विधवा असायची. जमिनीचे ढोबळ दोन भाग. एक लॉर्डची स्वतःची शेती, आपल्या जुन्या कागदांत जिला शेरी म्हणतात तसली, आणि बाकीची कुळांकडे. कुळाची जमीन एका जागी नसायची. गावाभोवती दोन किंवा तीन प्रचंड मोठी शेतं, मध्ये कुंपण नाही काही नाही, आणि त्यात प्रत्येकाचे लांबट पट्टे विखुरलेले, चार इकडे, सहा तिकडे. एका शेतात गहू नाहीतर राय, दुसऱ्यात बार्ली, ओट्स, वाटाणा, आणि तिसरं त्या वर्षी पडीक, त्यावर सगळ्या गावाची जनावरं चरणार. ज्याच्याकडे एक व्हर्गेट म्हणजे साधारण ३० एकर (प्रत्येक गावाचं माप वेगळं, १५ पासून ४० पर्यंत काहीही) तो बरा खातापिता, आणि ज्याच्याकडे झोपडी आणि परसातला तुकडा तो मजुरीवर.

असे पट्टे म्हटल्यावर भांडणं किती होत असतील ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. नांगर वळवताना शेजाऱ्याचा एक तास (म्हणजे नांगराची एक चर) आपल्यात ओढायचा, दरवर्षी वीतभर. आपण ज्याला बांध कोरणं म्हणतो ते तिथल्या कोर्टाच्या कागदांत सतत आहे. माझ्या आजोळी दोन चुलत घरं अशाच एका बांधावरून पंचवीस वर्षं बोलत नाहीत, त्यामुळे सातशे वर्षांपूर्वीच्या लॅटिन नोंदीत "अमक्याने तमक्याचा एक तास नांगरून घेतला" असा प्रकार वाचला की मला एकदम घरच्यासारखं वाटतं.

कुळं दोन प्रकारची. एक मोकळी, ठरलेला खंड भरला की झालं, आणि अन्याय झाला तर राजाच्या कोर्टात जाता यायचं. दुसरी व्हिलन. हो, तोच शब्द. व्हिलन म्हणजे मुळात शेतावरचा माणूस, गावंढळ, एवढंच, पुढे वरच्या लोकांच्या तोंडी राहून राहून त्याचा अर्थ नालायक, दुष्ट असा झाला आणि तिथून तो आपल्या सिनेमात आला. व्हिलन गुलाम नव्हता, त्याला घर होतं, बैल होते, जमीन कसायचा, पण तो जमिनीला बांधलेला. मोठ्या मठांच्या मॅनरमध्ये आठवड्याचे दोन-तीन दिवस लॉर्डच्या शेतावर वेठ, सुगीत त्यावर आणखी जादा दिवस. त्या जादा दिवसांत सुद्धा भेद होता, काही दिवस जेवणाबरोबर एल मिळायची (एल म्हणजे बार्लीची बिअर म्हणा) आणि काही दिवस कोरडे, आणि कुठला दिवस ओला आणि कुठला कोरडा हे गावाला पक्कं पाठ असायचं, त्यात फसवाफसवी चालायची नाही.

मुलीचं लग्न करायचं तर लॉर्डला पैसे, त्याला मर्चेट म्हणायचे. लग्नाआधी तिचे संबंध उघड झाले तर वेगळा दंड. गाव सोडून दुसरीकडे राहायचं तर दरवर्षी शेव्हेज नावाची पट्टी, कधी रोख कधी कोंबडा. आणि मेलात तर हेरियट, म्हणजे घरातलं सगळ्यात चांगलं जनावर लॉर्डच्या गोठ्यात. त्याच्या खालचं दुसऱ्या नंबरचं बहुतेक वेळा गावच्या पाद्र्याकडे. बाप गेला त्याच आठवड्यात गोठ्यातली दोन जनावरं गेली, असा तो हिशोब.

इथे मुद्द्याची गोष्ट येते. व्हिलनला आपल्या लॉर्डविरुद्ध जमिनीसाठी राजाच्या कोर्टात जाता येत नसे. गेला तरी लॉर्डने उभं राहून "हा माझा व्हिलन आहे" एवढं सिद्ध केलं की केस खलास. म्हणजे दरवाजा एकच, मॅनरचं कोर्ट. आणि ते कोर्ट कुणाचं, तर लॉर्डचं. खुर्चीवर बसणारा स्ट्युअर्ड लॉर्डचा पगारी कारभारी, दंडाचा पैसा लॉर्डच्या पेटीत. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं त्याच्याच ओसरीवर जाऊन न्याय मागायचा. इथपर्यंत वाचून कुणीही म्हणेल की हा काय न्याय, ही तर वसुलीची मशीन. मीही तेच म्हणालो होतो. वसुली होतीच, ते नाकारण्यात अर्थ नाही, पण कोर्ट चालायचं कसं हे बारकाईने बघितलं की चित्र जरा गुंतागुंतीचं होतं.

समजा आज कोर्टाचा दिवस आहे. जागा म्हणजे लॉर्डच्या वाड्यातलं दालन, किंवा चर्च, किंवा चक्क एखाद्या झाडाखाली. गावातल्या सगळ्या कुळांनी हजर राहायचंच, नाही आलात तर दंड, दोन-तीन पेनी. (मजुराची दिवसाची मजुरी तेव्हा साधारण एक-दोन पेनी, त्यामुळे दंड अगदी घर बुडवणारा नाही पण जिव्हारी लागणारा.) येता येत नसेल तर दुसऱ्याकडून निरोप पाठवायचा, त्याला एसॉइन म्हणतात, आणि तो किती वेळा चालेल यालाही मर्यादा, तारीख पे तारीख तिथेही होती. स्ट्युअर्ड बसतो, शेजारी कारकून पार्चमेंटवर, म्हणजे मेंढीच्या कातड्यावर, लॅटिनमध्ये लिहीत असतो. बोलणं सगळं त्यांच्या बोलीत, लिहिणं लॅटिनमध्ये, जे गावातल्या कुणाला वाचता येत नाही. (अठराव्या शतकापर्यंत, अगदी १७३३ पर्यंत हे असंच, मधली क्रॉमवेलच्या काळातली थोडी वर्षं सोडली तर.)

पण निकाल स्ट्युअर्ड देत नाही. निकाल देतात गावकरी. सुरुवातीला अख्खं कोर्ट मिळून, पुढे त्यांच्यातले १२ वगैरे शपथ घेतलेले ज्युरी. आणि हे ज्युरी आजच्या सिनेमातल्यासारखे अनोळखी, कोरे लोक नाहीत, उलट त्यांना सगळं माहीत आहे म्हणूनच ते ज्युरी. कुणाचा बांध कुठे होता, कुणाची आजी कुणाची सावत्र, कुणाची मेंढरं रात्री कुठे असतात, हे ज्यांना ठाऊक त्यांनीच शपथेवर सांगायचं. आणि ते सांगणार कशाच्या आधारावर, तर मॅनरच्या वहिवाटीच्या. वहिवाट हा इथला राजा. आमच्या मॅनरमध्ये धाकट्या मुलाला जमीन जाते, मोठ्याला नाही, असं वहिवाट म्हणत असेल तर धाकट्याला (आणि अशी मॅनर खरंच बरीच होती). विधवेला नवऱ्याची जमीन किती, कुठे एक तृतीयांश, कुठे अर्धी, कुठे सगळी, ते पण वहिवाट ठरवणार. लॉर्डला ती मोडता येत नव्हती असं नाही, पण दर वेळी गावाला तोंड द्यावं लागायचं.

दंडाची रक्कम सुद्धा स्ट्युअर्ड मनाला येईल तशी ठोकत नसे. गुन्हा शाबित झाला की माणूस लॉर्डच्या "दयेवर" आहे असं लिहायचे, आणि मग गावातलेच निवडलेले, बहुतेक ठिकाणी दोघं, शपथेवर आकडा ठरवायचे, याची ऐपत किती, घरची परिस्थिती काय ते बघून. गरिबाला कित्येकदा माफ, रोलमध्ये, म्हणजे कोर्टाच्या नोंदवहीत, "गरीब आहे म्हणून सोडला" अशा नोंदी ढिगाने. १२१५ च्या मॅग्ना कार्टा या राजाच्या सनदेत पण राजाच्या दंडांबद्दल असंच कलम आहे, की दंड शेजारच्या भल्या माणसांनी शपथेवर ठरवायचा आणि व्हिलनला दंड केला तरी त्याचं शेती करायचं साधन शाबूत ठेवायचं. वाक्य राजाच्या दंडापुरतं, पण हवा तीच.

जामीन लागायचे प्रत्येक गोष्टीला. तू हजर राहशील याला जामीन, पैसे भरशील याला जामीन, आणि तू चुकलास की जामिनाला दंड. वाद मिटवायचा असेल तर कोर्ट एक दिवस द्यायचं, त्याचं नाव चक्क लव्हडे, त्या दिवशी दोन्ही पार्ट्यांनी चार माणसांसमोर बसून आपापसात मिटवायचं. मिटलं तरी मिटवायची परवानगी म्हणून लॉर्डला थोडे पैसे द्यायचेच, फुकट काही नाही. कर्ज, शिवीगाळ, मारामारी, उसना घेतलेला तवा परत न देणं, असल्या सगळ्या छोट्या केसेस इथे यायच्या, कारण राजाची मोठी कोर्टं ४० शिलिंगच्या खालचे दावे बघत नसत.

एक केस जवळून बघू, माझी आवडती. एल्टन नावाचं गाव, हंटिंग्डनशायरमध्ये, लॉर्ड म्हणजे रॅम्सीचा मठ, साल १२७८. गावचा रीव्ह होता मायकेल. रीव्ह म्हणजे गावकऱ्यांतलाच एक, बहुतेक ठिकाणी स्वतःही व्हिलनच, पण लॉर्डच्या शेताचा मुकादम, कोण वेठीला आला, कोण नाही, पेरणी किती, कापणी किती, सगळा हिशोब त्याच्याकडे. ही पदवी मानाची होती का तर सांगणं कठीण, अनेक गावांत लोक उलट पैसे भरून ही जबाबदारी टाळायचे, कारण वरून लॉर्डचे हिशोबनीस पिळणार आणि खालून गाव शिव्या देणार. तर ऑल सेंट्सच्या सणाआधीचा रविवार, चर्चचं आवार, अख्खा गाव जमलेला, आणि दोन गडी आणि त्यातल्या एकाची बायको मायकेलवर तुटून पडले. काय काय म्हणाले ते कारकुनाने सविस्तर लिहून ठेवलंय. की हा मठाच्या वेठीचे मजूर लावून स्वतःचं गवत गोळा करतो. सुगीला मठासाठी आलेल्या माणसांकडून स्वतःचं पीक कापून घेतो. गावाचे नांगर लावून स्वतःचं शेत नांगरतो. तू तुझी जमीन मला स्वस्तात कसायला दे, मी तुझी वेठ माफ करतो, असे सौदे करतो. आणि श्रीमंतांकडून भेटी खाऊन त्यांना रोख खंडाच्या यादीतून वगळतो आणि गरिबांना त्यात घालतो.

वाचताना मला हसू आवरेना, कारण ही यादी आजही कुठल्याही गावच्या चावडीवर जशीच्या तशी चालेल, फक्त नांगराच्या जागी जेसीबी. मायकेल मात्र गप्प बसला नाही, त्याने कोर्टात बदनामीची तक्रार लावली. ज्युरी बसली आणि तिने मायकेलला निर्दोष ठरवून आरोप करणाऱ्यांना भरपाई द्यायला लावली. आता मायकेल खरंच स्वच्छ होता की ज्युरीतही त्याच्यासारखेच खातेपिते मोठे शेतकरी बसले होते, हे तुम्ही ठरवा. माझा कल दुसरीकडे आहे. ज्युरी, रीव्ह, दंड ठरवणारे, एल चाखणारे, ही सगळी पदं बहुतेक त्याच पाच-पन्नास घरांत फिरायची, गरीब मजुराचं नाव रोलमध्ये येतं ते दंड भरणारा म्हणूनच. गावकऱ्यांचा न्याय म्हटलं की सगळं गाव समान असं समजू नका.

एल चाखणारे म्हणजे खरंच एक पद होतं. एलचा भाव आणि दर्जा काय असावा याचा कायदा १२६६-६७ च्या सुमाराचा, ब्रेडचाही त्यातच. एल घरोघरी बायका बनवायच्या, त्यात तेव्हा हॉप्स नसल्यामुळे चार दिवसांत आंबून जायची, म्हणून एका घरी जास्त झाली की विकायची. आणि जवळजवळ प्रत्येक कोर्टात त्याच बायकांना तोच दोन-चार पेनी दंड. एवढ्या नेमाने दंड म्हटल्यावर तो दंड कसला, ते लायसन्स झालं, हप्ता म्हणा हवं तर.

कोंडवाडाही होता. शेताची आणि कुंपणाची राखण करणारा हेवर्ड नावाचा माणूस मोकाट जनावर पकडून त्यात घालायचा आणि मालकाने पैसे भरून सोडवायचं. कोंडवाडा फोडून रात्री आपली गाय काढून नेणाऱ्यांच्या केसेस पण आहेत, अर्थातच. सुगीतले नियम तर फार बारीक. सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडलेलं धान्य, वेचायला कुणी जायचं, तर म्हातारी, लहान, अशक्त माणसं, ज्याला कापणीचं काम मिळतंय आणि अंगात बळ आहे त्याने सरवा वेचायचा नाही. रात्रीच्या वेळी शेतातून धान्य वाहायचं नाही. मजुरी शेतातच पेंढ्यांच्या रूपात द्यायची नाही, कारण मग चोरीची पेंढी कुठली आणि मजुरीची कुठली हे कोण ओळखणार.

आता जमीन हस्तांतर, कारण पुढची सगळी गंमत यातून निघते. व्हिलनची जमीन कायद्याने लॉर्डची, त्यामुळे त्याला ती विकता येत नाही. पण लोक विकायचेच. ते कसं, तर कोर्टात यायचं, स्ट्युअर्डच्या हातात एक काठी असायची, विकणाऱ्याने ती काठी धरून जमीन लॉर्डच्या हातात परत दिली असं जाहीर करायचं, अमक्याच्या उपयोगासाठी असं म्हणून, मग त्याच काठीने स्ट्युअर्ड ती जमीन नव्या माणसाला देणार, तो प्रवेशाची रक्कम भरणार, निष्ठेची शपथ घेणार, आणि कारकून रोलमध्ये लिहिणार. झाला फेरफार. म्हातारी आईबापं असंच करून जमीन मुलाच्या नावावर करायची आणि तिथल्या तिथे अटी लिहून घ्यायची, की वर्षाला इतका गहू, इतकी बार्ली, इतके वाटाणे, अंगावरचे कपडे, पायात जोडे, आणि घरात शेकोटीजवळ जागा. मुलाने पाळलं नाही तर म्हातारी परत कोर्टात. मला वाटतं शेकोटीजवळची जागा लिहून घ्यावी लागते यातच सगळं आलं.

ही नोंदवही, कोर्ट रोल, सुरुवातीला लॉर्डने स्वतःच्या सोयीसाठी सुरू केली. तेराव्या शतकाच्या मध्यापासून असे रोल सापडतात, यॉर्कशायरमधल्या वेकफिल्ड मॅनरचे तर १२७४ पासून १९२५ पर्यंत जवळजवळ सलग आहेत. कोण कुणाचा पोरगा, कोण व्हिलन, कुणाकडून काय येणं आहे, सगळं लॉर्डच्या पेटीत पक्कं. वहिवाट आठवणीत असते तोवर म्हातारी माणसं तिला थोडी इकडेतिकडे वळवू शकतात, कातड्यावर लिहिली की ती हलत नाही. गावालाही हे पटकन कळलं. भांडण झालं की लोक कोर्टाला सांगायला लागले, रोल काढा, बघा काय लिहिलंय, आणि तो शोधण्यासाठी पैसेही मोजायला लागले.

मग १३४८ ला प्लेग आला. सफोकमधलं वॉल्शम-ल-विलोज हे गाव, १५ जून १३४९ चं कोर्ट. त्या एका बैठकीच्या रोलमध्ये १०३ मेलेल्या माणसांची नोंद आहे. एकापाठोपाठ एक, अमका मेला, इतकी जमीन धरून होता, हेरियट एक गाय, वारस अमका. कुणाची घोडी, कुणाची मेंढी, कुणाकडे जनावरच नव्हतं म्हणून काही नाही. कारकुनाने फॉर्म बदलला नाही, एकही ओळ दुःखाची नाही, नेहमीच्या भाषेत नोंदी करत गेलाय. मठांच्या बखरींतली रडकी वर्णनं वाचून मला जेवढं झालं नाही तेवढं या यादीने झालं.

प्लेगने देशातली निदान तिसरा हिस्सा माणसं गेली, काही ठिकाणी निम्मी, आणि अचानक जमीन जास्त आणि हात कमी. पुढच्या गावात लॉर्ड चांगली मजुरी देतोय म्हटल्यावर व्हिलन रातोरात पळून जायला लागले, शहरात एक वर्ष आणि एक दिवस काढला की मोकळे. सरकारने १३५१ ला मजुरीवर कायद्याने मर्यादा घातली, लॉर्ड लोकांनी जुन्या वेठीचे कागद बाहेर काढले. गावांनीही आपले कागद शोधले. १३७७ ला दक्षिणेकडच्या कितीतरी गावांनी वर्गणी काढून १०८६ च्या डूम्सडे बुकातले (राजाने करून घेतलेली जमिनीची नोंदवही) उतारे मागवले, आमचं गाव तेव्हा राजाचं होतं, म्हणून आम्हाला जादा वेठ लावता येत नाही, हे दाखवायला. व्हिलन शेतकरी तीनशे वर्षं जुना सरकारी रेकॉर्ड मागवतोय, हे चित्रच भारी आहे. उपयोग मात्र झाला नाही, सरकारने उलट कायदा करून दाबलं.

आणि १३८१ ला भडका. केंट, एसेक्स, सफोक, नॉरफोक, हर्टफर्डशायर, जिथे जिथे उठाव झाला तिथे लोकांनी मॅनरवर जाऊन रोल बाहेर काढले आणि जाळले. जे लिहिलंय त्यात आपण व्हिलन आहोत, तर लिहिलेलंच नको. लॅटिन वाचता येत नव्हतं तरी कुठली पेटी फोडायची हे नेमकं ठाऊक होतं. सेंट ऑल्बन्सला तर जुना हिशोब होता. तिथल्या मठाच्या गिरणीतच दळायचं हा नियम, आणि लोक घरी जात्यावर दळायचे. १३३० च्या दशकात रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड हा मठाधिपती होता, लोहाराचा पोरगा, मोठा खगोलशास्त्री, त्याने अफलातून घड्याळ बनवलेलं, पण वसुलीच्या बाबतीत कडक. त्याने लोकांची जाती जप्त केली आणि ती मठातल्या बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवली. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या साधूंनी रोज त्यावर पाय द्यायचा. पन्नास वर्षांनी, १३८१ च्या जूनमध्ये, गावकऱ्यांनी ती फरशी उखडली, जाती फोडली आणि त्याचे तुकडे एकमेकांना वाटले, चर्चमध्ये रविवारी प्रसादाचा ब्रेड वाटतात तसे. ज्यांनी स्वतः ती जाती फिरवली असतील त्यातले बहुतेक मेलेले, नातवंडांनी तुकडे घरी नेले.

१४ जूनला लंडनजवळ माइल एंडला चौदा वर्षांच्या दुसऱ्या रिचर्ड राजाने जमलेल्या बंडखोरांसमोर कबूल केलं की वेठ बंद, व्हिलनगिरी बंद, जमीन एकरी चार पेनी खंडाने. दुसऱ्याच दिवशी त्यांचा पुढारी वॉट टायलर मारला गेला, आणि काही आठवड्यांत राजाने सगळी वचनं मागे घेतली. व्हिलनगिरी कायद्याने रद्द अशी कधी झालीच नाही. ती विरत गेली, कारण कुळं मिळेनात आणि लॉर्डला जमीन पडीक ठेवण्यापेक्षा नुसता रोख खंड बरा वाटायला लागला.

आणि इथे त्या कागदाची बाजूच बदलली. पुढच्या शंभर वर्षांत कुळाला कोर्ट रोलमधल्या त्याच्या नोंदीची नक्कल मिळायला लागली, काठी धरून जमीन दिली-घेतली ती नोंद. या नकलेवर धरलेली जमीन म्हणून तिचं नाव कॉपीहोल्ड. ज्यांच्या आज्यापणज्यांनी रोल जाळले त्यांची नातवंडं रोलचा उतारा पेटीत जपून ठेवायला लागली, आपण सातबारा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवतो तसा. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात राजाचे न्यायाधीश हळूहळू म्हणायला लागले की वहिवाटीप्रमाणे खंड भरणाऱ्या कॉपीहोल्डरला लॉर्डने हुसकावलं तर आम्ही बघू, आणि सोळाव्या शतकात ते खरंच बघायला लागले. दोनशे-तीनशे वर्षं बंद असलेला दरवाजा असा उघडला. सगळे वाचले असं नाही हं, ज्यांच्या वहिवाटीत जमीन फक्त एक-दोन आयुष्यांपुरती होती किंवा प्रवेशाची रक्कम ठरलेली नव्हती त्यांना लॉर्डने रक्कम चढवून चढवून बाहेर काढलं आणि तिथे मेंढ्या सोडल्या.

कॉपीहोल्ड कायद्याने संपली कधी, तर १९२२ च्या कायद्याने, १ जानेवारी १९२६ पासून. टिळक जाऊन पाच वर्षं झालेली, आणि तोवर इंग्लंडात काही माणसं रीतसर स्ट्युअर्डसमोर जमीन लॉर्डला परत देऊन पुन्हा घेत होती.

एक ठिकाण मात्र अजून चालू आहे. नॉटिंगहॅमशायरमधलं लॅक्स्टन. तिथे तीन मोठ्या मोकळ्या शेतांची पद्धत अजून टिकून आहे, आणि नोव्हेंबरच्या शेवटी गावचे शेतकरी ज्युरी म्हणून पेरलेल्या शेतात फिरतात, कुणी मधल्या सामाईक गवताच्या पट्ट्यात नांगर घातलाय का ते बघतात, हद्दीवर खुंट्या ठोकतात. आठवड्याने डव्हकोट इन नावाच्या पबमध्ये कोर्ट भरतं, स्ट्युअर्ड बसतो, पुढच्या वर्षाची ज्युरी शपथ घेते, आणि ज्याने बांध कोरला त्याला दंड होतो.